क्ष, घर क्रमांक शून्य

माझ्या हातून आमच्या इमारतीत एक माणूस वाढला. हे वाक्य ऐकायला बरं वाटत नाही, म्हणून आधीच सांगतो, की बायकोला सगळं माहीत आहे आणि त्या माणसाला हात, पाय, तोंड यांपैकी काहीच नव्हतं. तरीही त्याला सावलीतलं पार्किंग मिळालं. मी हातापायांसकट इतकी वर्षं इथे राहतोय, मला ते एकदाही मिळालेलं नाही.

त्याचं असं झालं. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त ऑडिटर आहेत. निवृत्त झाले ते नोकरीतून, ऑडिटमधून नाही. एका संध्याकाळी त्यांनी मला लिफ्टमध्ये गाठलं. लिफ्टमध्ये गाठलेल्या माणसाला पळता येत नाही, हे त्यांना अनुभवाने ठाऊक आहे.

"तुम्ही कॉम्प्युटरमधले ना?"

"हो."

"मग खालचा पडदा तुमच्याकडे."

खालचा पडदा म्हणजे तळमजल्यावर जिन्याशेजारी नुकताच लावलेला टीव्ही. हॉल कोणाला, गच्ची कोणाला, कोणाची गाडी कुठे, हे त्यावर दिसावं अशी योजना होती. तोवर हे सगळं अध्यक्षांच्या डोक्यात असायचं आणि त्यावरून दर महिन्याला भांडणं व्हायची. मशीनशी कोणी भांडत नाही, असा त्यांचा होरा होता. माझी बायको मिक्सरशी कशी बोलते, हे त्यांनी ऐकलेलं नाही.

शेजाऱ्यांच्या जगात आमच्या धंद्याची फार कुचंबणा होते. आमच्या खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांना कोणी जिन्यात तोंड उघडून दाखवत नाही. मला मात्र लोक जिन्यात मोबाइल दाखवतात, टीव्हीचा रिमोट दाखवतात आणि एकीने तर इस्त्री दाखवली होती. मी कंपनीत आठ-दहा जणांचा प्रमुख आहे, माझ्या शब्दाला तिथे वजन आहे, हे मी इस्त्री हातात धरून कोणाला सांगू? तेव्हा मी नाहीच म्हणणार होतो. पण अध्यक्ष उतरता उतरता म्हणाले, "नसेल जमत तर राहू द्या, बाहेरून एखादा जाणकार बोलावू."

हा जाणकार मला झोंबला. लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत मी हो म्हणालो होतो.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "झालं! भाजा लष्कराच्या भाकऱ्या." आणि मग एकदम थांबली. "अहो, पण मग रविवारचा माझा हॉल?"

बायकोची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती व्हायोलिन शिकते. शिकते म्हणजे कित्येक वर्षं शिकते आहे, आतल्या खोलीत, दार लावून, मी टीव्ही बघत असताना. तिचे सर आता कायमचे मुलाकडे परगावी राहायला निघाले होते. जाण्याआधी त्यांनी तिला सांगितलं, की एकदा लोकांसमोर एकटीने बसून वाजव, म्हणजे मी निवांत जाईन. सोमवारी त्यांची गाडी होती. म्हणजे उरला एकच रविवार, आणि लोकांसमोर वाजवायला जागा एकच, आमचा तळमजल्याचा हॉल. तिने रीतसर अर्ज केला होता. आजवर तिने हॉल कधी मागितलाच नव्हता, त्यामुळे नंबर तिचाच लागायला हवा होता.

"मिळेल ना नक्की?" तिने विचारलं.

"अगं, प्रोग्रॅमच माझा आहे," मी म्हणालो. ज्या तोऱ्यात म्हणालो तो आठवला की अजून कानशिलं गरम होतात.

आता थोडं तांत्रिक. घाबरू नका, मीही घाबरलो नव्हतो आणि तिथेच चुकलं. गाड्यांचं वाटप, हॉलचं वाटप, गच्चीचं वाटप, यांचे नियम सारखेच. मग तेच तीनदा का लिहायचं? स्वयंपाकघरात काही डब्यांवर साखर, चहा असं लिहिलेलं असतं, आणि एखाद्या डब्यावर काहीच लिहिलेलं नसतं, कारण त्यात त्या त्या वेळी जे हाताशी येईल ते भरायचं असतं. प्रोग्रॅममध्येही असं करता येतं. वाटप कोणाला करायचं ते आत्ता सांगायचं नाही, नुसतं 'क्ष' लिहायचं. गाड्यांच्या वेळी क्ष म्हणजे गाडी, हॉलच्या वेळी क्ष म्हणजे सभासद. आमच्यात याला जेनेरिक म्हणतात. अट एवढीच, की सुरुवातीला कंसात सांगून टाकायचं: बाबा रे, क्ष ही रिकामी जागा आहे, खरोखरीचं कोणी नाही.

मी तसं लिहिलंही. काम इतकं सुबक झालं की मी बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण चहा निवतोय." मग अध्यक्षांनी लिफ्टमध्ये नवा नियम सांगितला, की ज्याला आजवर सगळ्यात कमी मिळालंय, त्याला सगळ्यात आधी. नियम न्यायाचा होता. मी चहा पिता पिता तो घालायला बसलो आणि त्या नव्या तुकड्यात तो कंस घालायला विसरलो.

लगेच क्षच्या खाली लाल रेघ उमटली आणि शेजारी एक छोटा पिवळा दिवा लागला. प्रोग्रॅम लिहायच्या खिडकीत ही सोय असते. चूक झाली की दिवा लागतो, दिवा दाबला की तो उपाय सुचवतो आणि हो म्हटलं की स्वतःच दुरुस्त करतो. कंपनीत मी नव्या पोरांना सतत बजावतो, की दिवा दिसला की दाबू नका, आधी वाचा, त्याला तुमची ओळ दिसते, तुमच्या मनातलं दिसत नाही. या विषयावर माझं एक भाषणच आहे. लोकांना ते पाठ आहे.

दिवा म्हणाला: 'क्ष नावाचं काही सापडत नाही. क्ष तयार करू?'

मी डाव्या हातात कप धरून उजव्या हाताने हो म्हणालो.

दिव्याला वाटलं क्ष कोणीतरी खरोखरीचा असणार, बिचारा राहून गेला असेल. त्याने क्ष तयार केला. मग दुसरी लाल रेघ आली: 'क्षला नाव नाही. क्ष हेच देऊ?' दे. 'क्षला घर क्रमांक नाही. तात्पुरता शून्य घालू?' घाल. 'अशाच दुरुस्त्या सगळीकडे करू?' कर बाबा, पुण्य लागेल. सगळ्या लाल रेघा गेल्या, हिरवी खूण आली, आणि चहा संपायच्या आत मी काम संपवलं म्हणून स्वतःवरच खूश झालो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर पडद्यासमोर ही गर्दी. आमच्या समोरच्या घरातल्या काकू सगळ्यांत पुढे होत्या. त्या नेहमीच सगळ्यांत पुढे असतात.

"कोण हो हा क्ष?" त्यांनी मला विचारलं.

पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं. हॉल, रविवार संध्याकाळ: क्ष, घर क्रमांक शून्य. सावलीतलं पार्किंग: क्ष. गच्ची: क्ष.

नियम माझ्याच हाताने लिहिलेला होता, ज्याला सगळ्यात कमी मिळालं त्याला आधी. आणि क्षला तर जन्मल्यापासून काहीच मिळालेलं नव्हतं! त्याच्यापुढे कोणाचा निभाव लागणार? बायकोचं नाव त्याच्या खाली, दुसऱ्या नंबरावर, केविलवाणं होऊन बसलं होतं.

इथेच मी सांगायला हवं होतं, की ही माझी चूक आहे, उद्या दुरुस्त करतो. तोंड उघडलंही होतं. पण शेजारी अध्यक्ष उभे होते, आणि 'जाणकार' हा शब्द त्यांच्या ओठांवर आलेला मला दिसत होता. मी म्हणालो, "बघावं लागेल." डॉक्टर, वकील आणि मेकॅनिक अडचणीत आले की हेच म्हणतात. या दोन शब्दांवर जगातली निम्मी बिलं उभी आहेत.

काकूंना मात्र बघायची गरज वाटली नाही. "मी पाहिलाय त्याला," त्या म्हणाल्या. "उंच आहे. चष्मा लावतो. जिन्यात भेटला तर साधा हसलासुद्धा नाही."

वॉचमन म्हणाला, "माझ्याकडे बघून हसतात. सज्जन वाटतात."

दातांचे डॉक्टर म्हणाले, "भाडेकरू असेल. कोणी गुपचूप ठेवलाय ते शोधा आणि मुळापासून काढा." दातांच्या डॉक्टरांचा प्रत्येक बाबतीत हाच सल्ला असतो.

घरी आल्यावर बायकोने एकच प्रश्न विचारला. "हॉल त्याला मिळाला, मला नाही. बरोबर?"

"तो कोणी नाहीच आहे गं."

"मग जो कोणीच नाही त्याला हॉल मिळतो आणि मला नाही. हे तर आणखीच वाईट झालं."

मी तिला वचन दिलं आणि जेवण झाल्याबरोबर बसलो. आता माझं नीट ऐका, कारण यापुढे माझी अब्रू टप्प्याटप्प्याने गेली आहे. सरळ मार्ग म्हणजे जुनी प्रत काढून लावायची. जुनी प्रत नेहमी जपून ठेवावी, हे माझं कंपनीतलं दुसरं भाषण. घरी मी ती ठेवली नव्हती. घर म्हणजे काही कंपनी नाही, घरी कोण भाषण ऐकतं?

मग मी अट घातली: क्ष हा सोसायटीचा सभासद असलाच पाहिजे. म्हटलं, सभासद नाही तर आपोआप बाहेर जाईल. लाल रेघ आली: 'क्ष सभासद नाही.' शाबास, म्हटलं, आता कसा सापडला! शेजारी दिवा लागला. मी वाचला नाही. एवढं सरळ प्रकरण, यात वाचायचं काय? दाबला. सकाळी कळलं, की दिव्याने क्षला बाहेर काढलं नव्हतं, त्याला सभासद करून घेतलं होतं. अट पुरी झाली, रेघ गेली. त्याच्या दृष्टीने भांडण मिटलं.

हे मला कळलं ते अध्यक्षांकडून. ते जिन्यात थांबलेच होते.

"क्ष रीतसर सभासद दिसतोय. म्हणजे प्रकरण गंभीर आहे."

"मी त्यांचं नाव काढून टाकतो," मी म्हणालो. बोलण्यात 'त्यांचं' येऊन गेलं, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

"असं कसं काढता? सभासद काढायचा तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. त्याआधी त्याला बाजू मांडायची संधी द्यावी लागते. नियम आहे."

"पण तो... समजा तो कधी आलाच नाही तर?"

"तर त्याची गैरहजेरी नोंदवू. ते रविवारचं बघा. हॉल त्याच्या नावावर आहे. वेळेवर आला नाही, तर दुसऱ्या नंबरवाल्याला तेवढ्यापुरता वापरता येईल. हक्क मात्र त्याचाच." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या मिसेसना वाजवू देऊ. तो येईपर्यंत."

तो येईपर्यंत! बायकोच्या आयुष्यातला पहिला कार्यक्रम आणि तो एका विसरलेल्या कंसाच्या दयेवर. हे तिला सांगायला मी तिसऱ्या मजल्यापर्यंत पायी गेलो, म्हणजे तेवढाच उशीर.

तिने सगळं ऐकून घेतलं आणि व्हायोलिनच्या पेटीची कडी लावली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सरांना फोन करून सांगते, नका येऊ म्हणून. म्हातारा माणूस, उगाच 'तो येईपर्यंत' ऐकून परत जायचा."

"फोन करू नकोस," मी म्हणालो. "मला शनिवारपर्यंत वेळ दे." मला खरोखरच भीती वाटली होती. क्षची नाही. तिने ती कडी लावली त्या आवाजाची.

शुक्रवारी मी क्षला सरळ पुसायला निघालो. दिवा म्हणाला: 'क्ष अनेक ठिकाणी वापरात आहे. त्याच्या जागी काय ठेवू?' आणि स्वतःच सुचवलं: 'वस्तू.' आमच्या भाषेत वस्तू म्हणजे काहीही, सगळ्यांना सामावून घेणारा शब्द. मला तो उदार वाटला. मी हो म्हणालो.

पुढच्या क्षणाला जिन्यातून आरडाओरडा ऐकू आला. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सभासद क्षच्याच जागेतून जात होता, त्यामुळे पडद्यावर सगळी इमारत बदलली होती. वस्तू, घर क्रमांक दोन. वस्तू, घर क्रमांक पाच. अध्यक्षसुद्धा वस्तू. काकूंनी आमची बेल दाबून धरली होती.

"अहो, चाळीस वर्षं संसार केला, आमच्या ह्यांनी कधी वस्तू म्हटलं नाही मला!"

काकूंच्या मागून काका हळूच म्हणाले, "हिंमत कोणाची आहे?"

मी धावत जाऊन, शेवटचं काम मागे घेणारी उलटी कळ दाबली आणि सगळ्यांना पुन्हा माणसं केलं. क्षही परत आला, घर क्रमांक शून्यसकट, ताजातवाना. आगीतून फुफाट्यात आणि फुफाट्यातून परत आगीत, एवढाच माझा प्रवास झाला होता. काकू जाताना म्हणाल्या, "त्यापेक्षा तो क्ष बरा. निदान माणूस तरी आहे."

एव्हाना क्षचं बस्तान बसलं होतं. सगळ्या इमारतीला तो फार सोयीचा पडत होता. लिफ्टच्या बटणाला च्युइंग गम लागलेलं सापडलं, क्षने लावलं. गच्चीवरची काकूंची कुंडी फुटली, क्षने फोडली. डॉक्टरांच्या गाडीला ओरखडा आला, तोही त्यानेच काढला, कारण सावलीतल्या पार्किंगमधून गाडी काढता येत नाही त्याला. ती जागा दिवसभर रिकामी असायची, तर लोक म्हणायचे, पाहा, सदा बाहेर भटकत असतो. जिन्यात कचऱ्याची पिशवी ठेवून जाणारा माणूस आम्ही इतकी वर्षं शोधत होतो, त्याचाही पत्ता लागला. आणि हे सगळं ऐकून मी मान डोलवत होतो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा.

सगळ्यांनी मिळून एक मात्र ठरवलं होतं. रविवारी हॉलवर जायचं आणि हा प्राणी येतो का ते बघायचं.

रविवारी दुपारी मी अखेर शहाण्यासारखा बसलो. दिव्याची सोय बंद करून टाकली आणि एकेक ओळ वरपासून वाचत गेलो. आपण लिहिलेलं आपणच वाचायला एवढा कमीपणा का वाटतो, कोण जाणे. दिव्याने माझी चूक कधी सुधारलीच नव्हती, त्याने नुसतं तिचं ओरडणं बंद केलं होतं. त्याच्यासमोर रिकामी जागा ठेवली की त्याला ती रिकामी बघवत नाही, तो तिथे कोणालातरी आणून बसवतो. ती रिकामीच ठेवायची आहे, हे सांगायचं काम माझं होतं. सांगायला लागलं काय? दोन कंस आणि मध्ये एक अक्षर. मी ते लिहिलं. दिव्याने जन्माला घातलेलं सगळं हाताने पुसलं. लाल रेघ एकही आली नाही.

मी खाली पळत जाऊन पडदा बघितला. हॉल, रविवार संध्याकाळ, आणि पुढे माझ्या बायकोचं नाव. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. तसाच वर पळत आलो.

"गेला! क्ष गेला! हॉल तुझा!"

ती आरशासमोर केस बांधत होती. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "परत आणा त्याला."

"काय?"

"अहो, काकू मघाशी सांगून गेल्या. सगळी इमारत येणार आहे क्षला बघायला. पाहुणेसुद्धा बोलावलेत लोकांनी. माझं नाव बघून कोण येणार आहे? तुम्ही, सर आणि काकू, त्याही बिस्किटं असतील तर. सर उद्या जाणार. त्यांच्यासमोर मी रिकाम्या खुर्च्यांना वाजवून दाखवू?"

"अगं, पण आता कुठे बरोबर झालंय ते!"

"बरोबर राहू दे. मला भरलेलं हवंय."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी चुकीचं बरोबर केलं आहे, आणि कबूल करतो, बरोबरचं चुकीचंही केलं आहे. पण कळून सवरून, बरोबर झालेलं काम स्वतःच्या हाताने पुन्हा चुकवण्याची ही पहिलीच वेळ. मी पडद्यावरचं बायकोचं नाव काढलं आणि तिथे टाइप केलं: क्ष, घर क्रमांक शून्य. दिवा असता तर त्यानेही विचारलं असतं, नक्की ना?

संध्याकाळी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या मजल्यावरून खुर्च्या आणाव्या लागल्या. वॉचमन दारात इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. पुढच्या रांगेत एक खुर्ची क्षसाठी मोकळी ठेवली होती, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर सर बसले होते, हातात काठी, गळ्यात मफलर. एवढी गर्दी बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांना वाटलं, सगळे तिच्यासाठी आले आहेत.

वेळ झाली. अध्यक्षांनी दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि जाहीर केलं, "श्री. क्ष अनुपस्थित. ते येईपर्यंत आपल्या इमारतीतल्या वहिनी व्हायोलिन वाजवतील. वेळ संपली की हॉल बंद होईल. वाढीव वेळ हवा असल्यास तो फक्त श्री. क्ष मागू शकतात."

पहिल्या तुकड्याच्या वेळी लोक दाराकडेच बघत होते. दार जरा करकरलं की सगळ्यांच्या माना वळायच्या. माझी बायको खाली मान घालून वाजवत होती. गज थोडा अडखळला, मला वाटलं आता थांबते. सरांनी काठी जमिनीवर हलकेच टेकवली, एकदा, दोनदा, तालात. ती सावरली. मग हळूहळू माना वळायच्या बंद झाल्या. दार मध्ये एकदा वाऱ्याने उघडलं, तर काकूंनी मागे न बघताच "श्शू" केलं.

आणि मी? मी इतकी वर्षं हे बंद दाराआडून ऐकलं होतं, टीव्हीचा आवाज वाढवून. ते एवढं सुंदर होतं हे मला कोणी सांगितलं नाही, कारण सांगणारं घरात दुसरं कोण होतं? मला लाज वाटली, अभिमान वाटला आणि नाक गळायला लागलं, सगळं एकाच वेळी. रुमाल नव्हता. रुमाल ती देते.

शेवटचा तुकडा संपला. टाळ्या थांबेनात. सर पुढे वाकून तिला म्हणाले, "आता ते वाजव. आपण शेवटी ठेवलेलं."

तिने व्हायोलिन पुन्हा खांद्याला लावलं. तेवढ्यात अध्यक्ष उठले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, पण नियम कोरडा होता. "वेळ संपली," ते म्हणाले. "मला वाईट वाटतं. पण आज सोडलं तर उद्या सगळेच मागतील. वाढीव वेळेसाठी श्री. क्ष यांची संमती लागेल. श्री. क्ष उपस्थित आहेत का?"

हॉलमध्ये सगळे एकमेकांकडे बघू लागले. बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. तिने गज हळूच खाली घेतला. सरांनी काठी उचलून मांडीवर आडवी ठेवली.

मी उभा राहिलो.

"उपस्थित," मी म्हणालो. "माझी हरकत नाही."

सगळ्या माना दाराकडून माझ्याकडे वळल्या.

"तुम्ही?" अध्यक्ष म्हणाले.

"मीच क्ष. मीच केला, माझ्याच प्रोग्रॅममधून झाला. दिवा दाबला मी, न वाचता."

"म्हणजे माझ्या गाडीवरचा ओरखडा?" डॉक्टर मागून ओरडले.

माझी गाडी त्या बाजूला जातही नाही. पण आता हिशेब कोण करत बसणार? "माझाच," मी म्हणालो.

"लिफ्टमधलं च्युइंग गम?"

"मीच."

"माझी कुंडी?" काकूंचा आवाज चिरकला.

"मीच काकू. नवीन आणून देतो. कचऱ्याची पिशवीसुद्धा मीच. सगळं मीच. फक्त तिला आधी वाजवू द्या."

कोणीतरी हसलं. मग सगळा हॉल हसायला लागला, वॉचमन तर दाराला धरून हसत होता. माझ्या अब्रूचा हा शेवटचा टप्पा होता, आणि तो भर सभेत, पाहुण्यांदेखत पार पडला. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला, डोळ्याला लावला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "श्री. क्ष यांची हरकत नाही. वाढीव वेळ मंजूर."

तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि गज तारेवर ठेवला. पहिला स्वर निघाला तसं सरांनी मागे रेलून डोळे मिटले, आणि हसणारे सगळे एकदम गप्प झाले. मी तिच्याकडे बघत तसाच उभा होतो. किती वेळ, ते मला ठाऊक नाही.

मागून कोणीतरी माझा शर्ट ओढला. काकू होत्या, डोळ्यांना पदर लावलेला.

"अहो क्ष," त्या हळूच म्हणाल्या, "खाली बसा ना. वहिनी दिसत नाहीत."